तेल लागल्यावर

‘ओक्लाहोमा क्रूड’ या १९७३ सालच्या चित्रपटात सगळे भांडण एका टेकडीसाठी आहे. टेकडीवर लाकडी डेरिक, म्हणजे तेलविहिरीवरचा मनोरा, उभे आहे, शेजारी राहण्यापुरता आडोसा आहे आणि लीना डॉइल नावाची एक बाई बंदूक हाताशी ठेवून तिथे तेलासाठी जमिनीला भोक पाडत बसली आहे. साल १९१३. खाली सपाटीवर ‘पॅन ओक्लाहोमा’ नावाच्या बड्या तेलकंपनीची माणसे आहेत आणि त्यांना ही टेकडी हवी आहे, आधी पैसे देऊन आणि नंतर पैसे न देता. लीनाला समस्त पुरुषजातीचा तिटकारा आहे, आणि बायकांबद्दलही तिचे मत फारसे बरे नाही. आपण या दोन्हींपैकी काहीच नसतो तर बरे झाले असते, असे ती एकदा अगदी गंभीर चेहऱ्याने सांगते. लहानपणी तिला टाकून गेलेला बाप आता म्हातारपणी उपरती होऊन मदतीला येतो आणि ती त्याला दारातूनच हाकलते. मग तो आपल्या परीने मदत म्हणून मेस नावाचा एक भटक्या गडी रोजंदारीवर धरून आणतो. या मेसला तेलाशी, लीनाशी किंवा न्यायाशी काही देणेघेणे नाही. त्याला मजुरी हवी आहे.

लीना म्हणजे फे डनवे, मेस म्हणजे जॉर्ज सी. स्कॉट आणि बाप म्हणजे जॉन मिल्स अशी ही तिघांची फौज आहे. समोर कंपनीचा मुकादम हेलमन, म्हणजे जॅक पॅलन्स. पॅलन्सने ज्या थंडपणाने वेस्टर्नमधले बंदूकबाज रंगवले, तोच थंडपणा तो इथे पगारी नोकराला देतो आणि त्यामुळे हेलमन अधिकच भीतिदायक वाटतो. ही व्यक्तिरेखा मनापासून दुष्ट नाही, ती कामावर आहे. हा नट स्वतः पेनसिल्व्हेनियातल्या कोळसाखाणीच्या मजुराचा मुलगा होता. कंपनीचे मुकादम कसे चालतात आणि कसे बोलतात हे त्याला कुणी शिकवावे लागले नसेल, असे मला उगाचच वाटत राहते.

दिग्दर्शक स्टॅन्ली क्रेमर हा विनोदासाठी प्रसिद्ध असलेला माणूस नव्हे. वंशभेद, युद्धगुन्हे, उत्क्रांतिवादावरचा खटला असे जड विषय पडद्यावर आणणारा, आणि ते आणताना प्रेक्षकाला थोडे शिकवणारा, अशी त्याची ख्याती. ‘हाय नून’ या वेस्टर्नच्या निर्मितीमागेही तो होता; साऱ्या गावाने पाठ फिरवल्यावर एकटा उभा राहणारा मार्शल, म्हणजे गावचा कायदारक्षक, तिथे होता, इथे एकटी बाई आहे. फरक असा की तो मार्शल कर्तव्यासाठी उभा होता आणि लीना मालमत्तेसाठी उभी आहे. विनोद या फरकातून निर्माण होतो. टेकडीवरच्या तिघांपैकी एकालाही शौर्य गाजवायचे नाही. एकीला तेल हवे आहे, एकाला माफी हवी आहे आणि एकाला ठरलेले पैसे हवे आहेत. टेकडी हातची जाते, ती परत मिळवावी लागते, मग वेढा पडतो, आणि या सगळ्या धुमश्चक्रीत त्यांची आपापसांतली कुरकूर थांबत नाही. क्रेमरला मात्र ही गंमत सर्वत्र पेललेली नाही. हसता हसता अचानक खरोखरीची मारहाण आणि खरोखरीचा मृत्यू समोर येतो, आणि पुढच्याच प्रसंगात पुन्हा थट्टा सुरू होते, तेव्हा आपण नेमके काय पाहत आहोत असा प्रश्न पडतो. चित्रपटाचा मधला भागही रेंगाळतो. तरीही हा चित्रपट माझ्या मनातून जात नाही, आणि त्याचे कारण एक साधा प्रश्न आहे, जो चित्रपट फारसा विचारत नाही. समजा, लीनाला तेल लागले. मग ती ते विकणार कुणाला?

हा प्रश्न नीट कळण्यासाठी आधी ते भोक कसे पाडत असत हे पाहिले पाहिजे. त्या काळी लहान विहीरवाल्यांचे यंत्र म्हणजे केबल-टूल. ७०-८० फुटांचा लाकडी मनोरा, त्याच्या पायथ्याशी वाफेचे इंजिन, आणि इंजिनाच्या जोरावर वरखाली होणारी एक आडवी तुळई. तुळईला जाड दोर, दोराला लोखंडाची अवजड छिन्नी. ही छिन्नी फिरत नसे. ती उचलली जाई आणि आदळली जाई, दिवसरात्र, बारा-बारा तासांच्या पाळ्यांत. मुख्य कारागीर विहिरीच्या तोंडाशी उभा राहून दोरावर हात ठेवी आणि त्या थरथरीवरून खाली शेकडो फुटांवर छिन्नी कठीण खडकात आहे की मऊ मातीत, सरळ चालली आहे की तिरकी, हे ओळखी. मधूनमधून छिन्नी वर काढून तळाला झडप असलेली लांब नळी खाली सोडायची आणि चिखल उपसायचा. दुसरा माणूस भट्टीत छिन्नीचे बोथट टोक लाल करून घणाने पुन्हा मापात आणी. दोर तुटला आणि छिन्नी आत राहिली, तर ती बाहेर काढण्यात दिवसच्या दिवस जात, आणि नाहीच निघाली तर झालेला सारा खर्च मातीत.

म्हणजे या धंद्याला दोन किंवा तीन माणसे, एक इंजिन, थोडे लाकूड आणि पुष्कळ उधारी एवढे भांडवल पुरत असे. गरीब माणसाला या धंद्यात शिरता येत होते ते यामुळे. ज्या भागात तेल असल्याचा कोणताच पुरावा नाही तिथे जाऊन भोक पाडणाऱ्या या लोकांना अमेरिकेत ‘वाइल्डकॅटर’ म्हणतात. त्यांच्यात भूगर्भशास्त्र शिकलेले कमीच. बऱ्याच जणांचा भरवसा नाकावर, स्वप्नावर, नाहीतर हातातल्या बेचक्या काठीवर असे.

बेचक्या काठीचा उल्लेख आला की मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला थांबणे भाग आहे. आमच्या गावी पाणाड्या यायचा, हातात काठी किंवा तळहातावर उभा नारळ घेऊन शेतभर फिरायचा, आणि जिथे नारळ आडवा होईल तिथे चुन्याची खूण करायचा. मग रात्री-अपरात्री बोअरची गाडी येई. कॉम्प्रेसरच्या आवाजाने सारी वस्ती जागी होई, भोकातून पांढरी भुकटी उडे, आणि भुकटीचा रंग बदलून ती ओलसर होईपर्यंत कुणी घरी जात नसे. अमुक फुटांवर ओल लागली, तमुक फुटांवर धार वाढली, असा हिशेब वडील वहीत लिहून ठेवत. दोन उन्हाळ्यांनंतर बांधापलीकडच्या शेतात आमच्यापेक्षा खोल बोअर गेले आणि आमचे गुळण्या टाकू लागले. भांडायला गेलेल्या काकांना गावातल्या जाणत्यांनी सांगितले की, त्याने त्याच्या जमिनीत भोक पाडले आहे, तुम्ही काय करणार?

ही साधी ग्रामीण अडचण आणि लीनाची घाई, यांचे मूळ एकाच कायद्यात आहे. १८४३ साली इंग्लंडमधल्या ‘ॲक्टन विरुद्ध ब्लंडेल’ या खटल्यात असे ठरले की, जमिनीखाली दिसेनासे वाहणारे पाणी ज्याच्या जमिनीत उपसले जाईल त्याचे. त्यामुळे शेजाऱ्याची विहीर आटली तरी त्याला तक्रारीला जागा नाही. भारतात १८८२ चा सुखाधिकार अधिनियम झाला, त्याच्या सातव्या कलमाखालच्या दृष्टान्तांत हाच अधिकार लिहिलेला आहे. अमेरिकेत तीच विचारसरणी पाण्यावरून तेलावर आणि वायूवर गेली. १८८९ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तेल आणि वायू यांची तुलना थेट रानटी जनावरांशी केली: ते तुमच्या जमिनीतून शेजाऱ्याच्या जमिनीत निघून गेले तर तुमची मालकी संपली, आणि ज्याने धरले त्याचे ते झाले.

या एका नियमाने अमेरिकेच्या तेलक्षेत्रांचा चेहरा घडवला आहे. जुन्या छायाचित्रांत डेरिके इतकी दाटीवाटीने उभी दिसतात की एकाचा पाय दुसऱ्यात अडकेल. त्याचे कारण अडाणीपणा नव्हते. शेजाऱ्याने बांधाला लागून भोक पाडले तर तुम्हालाही त्याच्यासमोर बांधावर भोक पाडणे भाग होते, नाहीतर तुमचे तेल त्याच्या पिंपात. थांबणाऱ्याचे नुकसान ठरलेले. एखादी टेकडी एकाच हट्टी माणसाच्या ताब्यात राहिली तर भोवतालची सारी जमीन घेतलेल्या बड्या कंपनीची झोप का उडावी, हे या नियमाशिवाय समजत नाही. लीनाचे भोक तिच्या टेकडीपुरतेच नाही. ते कंपनीच्या जमिनीखालचे तेलही ओढणार आहे. पॅन ओक्लाहोमाला तिचा राग येतो तो धंद्याच्या हिशेबातून येतो. आपल्याकडे तेलाच्या बाबतीत असे भांडण उभेच राहू शकत नाही, कारण इथे तेल सरकारच्या परवान्याशिवाय कुणाला काढता येत नाही. १९७४ साली ‘सागर सम्राट’ने मुंबईजवळच्या समुद्रात तेल शोधले तेव्हा तिथे शेजारी कुणी नव्हताच, आणि ते शोधणारी संस्थाही सरकारचीच होती. जमिनीखालचे पाणी मात्र आपण त्या जुन्या इंग्रजी नियमावर सोडून दिले. महाराष्ट्राने १९९३ साली पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नव्या विहिरींना बंदी घालणारा कायदा केला. खेड्यांत तो कुणी किती मनावर घेतला, हे उन्हाळ्यात बोअरच्या गाड्यांची रांग पाहिलेल्याने वेगळे सांगायला नको.

आता तेल लागल्यानंतरची गोष्ट. चित्रपटातली कंपनी गुंड पाठवते. खरी कंपनी बहुतेक वेळा गुंड पाठवत नसे, कारण तिला गरज नव्हती. जॉन रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलने विहिरी खोदण्याचा धोका सुरुवातीला लहान माणसांवरच सोडला होता. कोरडी भोके त्यांनी पाडावीत, कर्जे त्यांनी काढावीत. कंपनीने तेलाच्या वाटेवर मध्ये बसावे. १८७२ मध्ये ‘साउथ इम्प्रूव्हमेंट कंपनी’ नावाची एक योजना उघडकीला आली. तिच्यानुसार रेल्वे कंपन्या आतल्या गोटातल्या तेलशुद्धीकरणवाल्यांना भाड्यात सूट देणार होत्याच, शिवाय बाहेरच्या स्पर्धकांनी भरलेल्या भाड्यातलाही काही भाग यांच्याच खिशात घालणार होत्या. म्हणजे तुमच्या प्रतिस्पर्ध्याने पाठवलेल्या प्रत्येक पिंपामागे तुम्हाला पैसे! पेनसिल्व्हेनियातल्या तेलवाल्यांनी इतका गदारोळ केला की ती योजना अमलात येण्याआधीच मोडली, पण तोवर क्लीव्हलंडमधले बरेचसे शुद्धीकरण कारखाने घाबरून रॉकफेलरला विकले गेले होते.

त्या गदारोळात टायटसव्हिलमधला एक लाकडी टाक्या बनवणारा आणि पुढे स्वतः विहिरी चालवणारा गृहस्थ होता. त्याची मुलगी तेव्हा शाळकरी वयाची होती. तिचे नाव आयडा टार्बेल. तीस वर्षांनी, १९०२ पासून, तिने ‘मॅक्लुअर्स’ मासिकात स्टँडर्ड ऑइलचा इतिहास क्रमशः लिहिला. करारनामे, न्यायालयातल्या साक्षी आणि रेल्वेचे दरपत्रक यांच्या आधारावर लिहिलेल्या त्या लेखमालेने रॉकफेलरच्या नावाला जो डाग लावला तो नंतरच्या कोणत्याही दानधर्माने पुरता गेला नाही. लीना डॉइलची खरी बहीण शोधायची तर ती मला बंदूकवाल्यांत सापडत नाही, या बाईत सापडते. टार्बेललाही तडजोड रुचत नसे, तिनेही लग्न केले नाही, आणि बापाच्या तेलातून आलेली कटुता तिच्या लिखाणातही आहे. तिचे हत्यार मात्र भाड्याचा तक्ता होते, आणि भाड्याचा तक्ता पडद्यावर दाखवून कुणी तिकिटे विकू शकत नाही, हेही खरे.

लहान विहीरवाल्यांनी या वाटेवरच घाव घालण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही. १८७९ साली ‘टाइडवॉटर’ नावाच्या त्यांच्या कंपनीने ॲलेगेनी डोंगर ओलांडून १०९ मैलांची पाइपलाइन टाकली. इतक्या लांबवर आणि इतक्या उंचीवरून तेल ढकलता येईल यावर बऱ्याच जाणकारांचा विश्वास नव्हता. तेल पलीकडे पोचले. रेल्वेचा विळखा सुटला. मग स्टँडर्डने स्वतःच्या पाइपलाइन टाकायला घेतल्या, टाइडवॉटरचे भाग विकत घेतले, आतून भांडणे लावली, आणि १८८३ मध्ये करार झाला: नळातून जाणाऱ्या तेलाचा ८८.५ टक्के वाटा स्टँडर्डचा, ११.५ टक्के टाइडवॉटरचा. डोंगर ओलांडून मिळवलेला विजय असा दोन अपूर्णांकांत संपला.

ज्याला खरोखर विनोदी वेस्टर्न म्हणता येईल अशी घटना १९०५ मध्ये कॅन्सस राज्यात घडली. तिथे स्टँडर्डच्या ‘प्रेअरी ऑइल अँड गॅस’ या उपकंपनीखेरीज तेलाला मोठे गिऱ्हाईक नव्हते. ती सांगेल तो भाव. चिडलेल्या विहीरवाल्यांनी विधिमंडळाकडून एक कायदा मंजूर करवून घेतला. राज्याने पेरू नावाच्या गावी स्वतःचा शुद्धीकरण कारखाना काढायचा आणि तिथे कामाला तुरुंगातले कैदी लावायचे! खुनी आणि दरोडेखोर रॉकेल गाळत आहेत आणि जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसाला घाम फुटला आहे, असे चित्र काही महिने तरी कॅन्ससच्या डोळ्यांसमोर होते. राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी तो कायदा घटनाबाह्य ठरवला आणि कारखाना कागदावरच राहिला. त्याच अधिवेशनातला वाहतुकीचे दर बांधून देणारा कायदा मात्र टिकला. त्यावर कुणी गाणी रचल्याचे माझ्या वाचनात नाही, पण विहीरवाल्याच्या पदरात काही पडले असेल तर ते त्या रुक्ष कायद्यातून.

ओक्लाहोमात त्याच सुमारास, १९०५ च्या नोव्हेंबरमध्ये, टल्साजवळ ग्लेन पूल येथे तेल लागले. १९१२ च्या मार्चमध्ये कुशिंगजवळ फ्रँक व्हीलर नावाच्या शेतकऱ्याच्या जमिनीत टॉम स्लिकला तेल लागले. स्लिकची तोवरची कीर्ती अशी की लोक त्याला ‘ड्राय होल स्लिक’ म्हणत. तेल लागल्यावर त्याने जे केले ते पटकथेत लिहिले असते तर कुणालाही खोटे वाटले असते. त्याने विहिरीभोवती पहारे बसवले आणि गावातल्या तबेल्यांतल्या झाडून साऱ्या घोडागाड्या भाड्याने घेऊन ठेवल्या. नोटरींनाही पैसे देऊन बांधून ठेवले. बातमी फुटून प्रतिस्पर्धी गावात उतरले तेव्हा त्यांना शेतांपर्यंत जायला गाडी मिळेना आणि चुकून एखादा शेतकरी सही करायला तयार झालाच तर त्या सहीला साक्षांकित करणारा मिळेना. तोवर स्लिकची माणसे आजूबाजूच्या जमिनींचे भाडेपट्टे गोळा करत फिरत होती. बड्या कंपन्यांना गोळी न झाडता इतके सुरेख कुणी चकवले नसेल. आणि हाच स्लिक, ज्याला पुढे वाइल्डकॅटरांचा राजा म्हटले गेले, त्याने १९२९ मध्ये आपल्या मालमत्तेचा मोठा भाग विकला तो कुणाला, तर प्रेअरी ऑइल अँड गॅसला.

मला यात दगाबाजी दिसत नाही. स्वतंत्र विहीरवाल्याने बड्या कंपनीला संपवण्याची शपथ कधीच घेतली नव्हती. त्याला आपल्या अटींवर विकायचे होते, आणि ‘माझ्या अटींवर’ हे दोन शब्द उच्चारण्याची ताकद येईपर्यंत टेकडी सोडायची नव्हती. क्रेमरच्या चित्रपटातला प्रामाणिकपणा मला इथे दिसतो. लीना कुठेही जनतेच्या वतीने बोलत नाही. तिला क्रांती नको आहे, विहीर हवी आहे. १९७३ मध्ये मॉस्कोच्या चित्रपट महोत्सवात क्रेमरला या चित्रपटासाठी पारितोषिक मिळाले, तेव्हा तिथल्या परीक्षकांना भांडवलशाहीविरुद्धचा लढा दिसला असेल तर तो त्यांचा चष्मा. पडद्यावर मला दिसतात ते एक छोटी भांडवलदारीण आणि तिचा मजूर, आणि त्या दोघांतही मजुरीवरून वाद आहेच.

चित्रपटाचे साल १९१३ आहे, हेही सहज निवडलेले नसावे. १९११ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्टँडर्ड ऑइलचे ३४ कंपन्यांत तुकडे केले होते. कागदोपत्री राक्षस मेला होता. पण जुन्या भागधारकांना प्रत्येक तुकड्यात त्यांच्या त्यांच्या प्रमाणात भाग मिळाले, त्या भागांचे भाव चढले आणि रॉकफेलर आधीपेक्षा श्रीमंत झाला. प्रेअरीचे नळ जमिनीत होते तिथेच राहिले. टेकडीवरून खाली पाहणाऱ्या लीनाला त्या निकालाने काय फरक पडला असता हे मला सांगता येणार नाही; हेलमन मात्र दुसऱ्या दिवशीही कामावर आला असता.

एक गोष्ट मात्र चित्रपटाने जवळजवळ विचारलीच नाही, आणि ती मला खुपते. ती टेकडी लीनाच्या आधी कुणाची होती? ओक्लाहोमा १९०७ मध्ये राज्य झाले. त्याआधी तो बराचसा मुलूख पूर्वेकडून हुसकून आणलेल्या क्रीक, चेरोकी आदी जमातींना दिलेला होता. ती सामाईक जमीन संघराज्य सरकारने माणसागणिक वाटून टाकली, म्हणजे ती एकेक करून घेता येईल. क्रीकांच्या ताब्यात गुलाम म्हणून असलेल्या कृष्णवर्णीयांच्या वंशजांनाही वाटा मिळाला, बहुतेकदा निकृष्ट जमिनीचा. सेरा रेक्टर ही त्यांतली एक मुलगी. तिच्या वाट्याची १६० एकर जमीन पिकण्याजोगी नव्हती आणि तिच्यावरचा कर भरणेही बापाला जड जात होते. नेमक्या १९१३ साली, चित्रपटाच्याच वर्षी, त्या जमिनीत तेलाचा फवारा उडाला. दिवसाला २,५०० पिंपे. अकरा वर्षांच्या त्या मुलीला दिवसाला सुमारे ३०० डॉलर मिळू लागले, आणि तिच्या पैशावर देखरेखीला एक गोरा पालक नेमलेला होता. वर्तमानपत्रांत तिची बातमी छापून आल्यावर तिला लग्नाच्या मागण्या येऊ लागल्या, त्यांत परदेशातले गोरे पुरुषही होते. क्रेमरसारख्या दिग्दर्शकाला, ज्याने आयुष्यभर वंशभेदावर चित्रपट काढले, ही कथा पुढ्यात असताना दिसू नये याचे नवल वाटते. कदाचित तिच्यात टेकडी नव्हती, म्हणून असेल.

आणि लहान माणूस नेहमी बरोबरच असतो, असेही नाही. १९३० साली पूर्व टेक्ससमध्ये ‘डॅड’ जॉइनर नावाच्या सत्तरीतल्या वाइल्डकॅटरला अमेरिकेतले तोवरचे सर्वांत मोठे तेलक्षेत्र सापडले. या म्हाताऱ्याने एकाच जमिनीचे हिस्से अनेकांना विकून ठेवले होते, त्यामुळे तेल लागताच त्याच्या दारात सावकारांआधी फसवले गेलेले लोक आले; काही आठवड्यांत त्याने सारे एच. एल. हंट नावाच्या दुसऱ्या तेलवाल्याला विकून टाकले. मग हजारो छोट्या विहीरवाल्यांनी तिथे ‘धरील त्याचे’ या नियमाचा असा धुमाकूळ घातला की भाव पिंपाला दहा सेंटांवर आला आणि क्षेत्रातला नैसर्गिक दाब उतरू लागला. उपसा मर्यादित ठेवा असे बड्या कंपन्या म्हणत होत्या आणि आमच्या विहिरीला हात लावू नका असे छोटे म्हणत होते. १९३१ च्या ऑगस्टमध्ये राज्यपाल रॉस स्टर्लिंगने तिथे लष्करी कायदा पुकारून विहिरी बंद केल्या. हा स्टर्लिंग हंबल ऑइल या बड्या कंपनीचा एक संस्थापक, आणि सैनिकांचा सेनापती टेक्साको या दुसऱ्या बड्या कंपनीचा वकील! छोट्यांना संशय येऊ नये तर काय व्हावे? तरीही मोजमाप करून उपसा कमी करणे हेच त्या तेलक्षेत्रासाठी योग्य होते. बरोबर गोष्ट चुकीच्या माणसांच्या तोंडून आली, एवढेच. असा प्रसंग ‘ओक्लाहोमा क्रूड’च्या टेकडीवर कधी येत नाही; तिथे बंदूक कुणाच्या हातात आहे त्यावरून चांगलेवाईट कळते.

चित्रपटातला मला सर्वांत मोठा उणेपणा वाटतो तो हा. योगायोग असा की पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, फे डनवेने ‘चायनाटाउन’मध्ये काम केले. तो लॉस एंजेलिसच्या पाण्याचा आणि जमिनीचा चित्रपट आहे. तिथला खलनायक हसतमुख म्हातारा असून कागदोपत्री सारे खोरे गिळतो. प्रेक्षक म्हणून मला हेलमन बघायला आवडतो. पण आमच्या तालुक्यात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना हेलमन भेटलेला नाही, तो दुसरा म्हातारा भेटला आहे.

‘ओक्लाहोमा क्रूड’ १९७३ च्या उन्हाळ्यात प्रदर्शित झाला. ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी अमेरिकेचे तेल रोखले आणि काही महिन्यांत जगात तेलाचा भाव चौपटीच्या घरात गेला. पेट्रोलपंपासमोर रांगेत उभ्या राहिलेल्या अमेरिकनांना बड्या तेलकंपन्यांचा जो राग आला त्याला हा चित्रपट थोडा आधीच येऊन गेला होता.

टॉम स्लिकचे कुशिंग मात्र अजून बातम्यांत असते. तिथले तेल बरेचसे उपसून झाले, पण वाटेवरचे ठिकाण म्हणून गाव टिकले. चारी दिशांनी येणारे नळ तिथे मिळतात, साठवणीच्या प्रचंड टाक्या तिथे आहेत, आणि अमेरिकी कच्च्या तेलाचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, पुरे करायचे ठिकाण तेच आहे. २० एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीने मागणी बसलेली आणि कुशिंगच्या टाक्या भरत आलेल्या असताना, मे महिन्याच्या वायद्याचा भाव शून्याखाली जाऊन पिंपाला उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. तेल होते, ते ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते घेऊन जाणाऱ्यालाच पैसे द्यायची वेळ आली. मुंबईच्या मल्टी कमॉडिटी एक्स्चेंजवर टाळेबंदीमुळे व्यवहार संध्याकाळी पाचलाच थांबले होते, तेव्हा भाव ९६५ रुपये होता. भाव कोसळला तो आपल्या रात्री, जेव्हा इथल्या कुणालाही काही विकता येत नव्हते. एक्स्चेंजने त्या कराराचा अंतिम भाव उणे २,८८४ रुपये ठरवला, आणि ज्या दलालांच्या ग्राहकांचे पैसे बुडाले त्यांतले काही मुंबई उच्च न्यायालयात गेले.